निनावी अर्जातलं चांगलं वाक्य

नोकरीतली सगळ्यात अवघड केस कोणती, असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मी सांगतो ती गोष्ट ऐकून त्यांचा हिरमोड होतो. तिच्यात रक्त नाही, चोरी नाही, कोणाला हातकडीही पडली नाही. एका पोरीच्या पासपोर्टची साधी पडताळणी होती. पण बाकीच्या फायली रेकॉर्ड रूममध्ये गेल्या तशा डोक्यातूनही गेल्या, आणि ही एक मात्र अजून तशीच आहे. कोणाचंही नाव सांगणार नाही. गावही सांगत नाही. देऊळघाटच्या पुढचं एक गाव, एवढं पुरे.

तेव्हा मी बुलढाण्याजवळच्या एका ग्रामीण ठाण्यात सहायक फौजदार होतो आणि गोपनीय शाखेचं काम माझ्याकडे होतं. गोपनीय म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात सभेला किती माणसं आली ते कळवा, मिरवणुकीचा मार्ग लिहून ठेवा, कुठल्या गावात कोणाचं कोणाशी वाजलं ते साहेबांच्या कानावर घाला, आणि पासपोर्टच्या पडताळण्या करा, असलं ते काम. एसपी ऑफिसातून फाईल यायची. मी अर्जदाराच्या घरी जायचो, कागद तपासायचो, आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचो. हो, आम्ही या व्यक्तीला ओळखतो, ती इथंच राहते, वर्तणूक चांगली आहे, असं त्यांनी सांगायचं आणि खाली सही करायची. हे दोघे नात्यातले चालत नाहीत. सगळं घोडं तिथंच अडायचं, कारण आमच्याकडच्या खेड्यात अख्खी गल्ली भावकीची असते. शेजारी म्हणावा तर तो चुलता निघतो, पलीकडचा मामेसासरा निघतो.

ही पोरगी तेवीस वर्षांची. नर्सिंगचा कोर्स करून बुलढाण्यात एका दवाखान्यात लागली होती. आता आखातातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिची निवड झाली होती आणि पासपोर्ट आयुष्यात पहिल्यांदाच काढत होती. बाप भाजीपाला पिकवणारा. आई पोरगी सातवीत असतानाच वारलेली. भाऊ-बहीण कोणी नाही. घरात हे दोघंच.

फाईल आली आणि त्याच आठवड्यात टपालानं एक निनावी अर्ज आला. ठाणे अंमलदारानं तो आवक रजिस्टरला घेऊन माझ्यापुढे टाकला. वहीच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेला, अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं केलेलं. मजकूर चार ओळींचा. सदर मुलगी गावात राहत नाही. तिला गावात ओळखणारे कोणी नाही. तरी तिला पासपोर्ट देऊ नये. आणि मग शेवटी, जरा जागा सोडून, एक वाक्य होतं: मुलगी गुणाची आहे.

खरं तर तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. मी म्हटलं, कोणीतरी जळकुकडा आहे गावात, बघून घेऊ. अर्ज फाईलला लावला आणि मोटारसायकलला किक मारली.

बाप घरीच होता. माणूस सुतासारखा सरळ. बाजेवर गोधडी टाकून मला बसवलं, चहा केला, तोही स्वतः. पोरगी कागद काढून देत होती. दाखले, आधार, निवड झाल्याचं पत्र, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवलेलं. बोलता बोलता तिनंच सांगितलं, आई गेल्यावर बाबांनी वेणी घालायला शिकून घेतली. पहिल्या वर्षी शाळेत पोरी हसायच्या, कारण एक वेणी वर आणि एक खाली असायची. नंतर बाबांचा हात बसला. बाप लाजून चुलीकडे बघत होता. मी मनात म्हटलं, छान घर आहे, अर्ध्या तासात काम उरकेल.

फॉर्मवर ओळखीची म्हणून दोन नावं दिलेली होती. एक समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी आणि दुसरा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. गल्लीत भावकी सोडून तेवढे दोघंच. फॉर्म भरताना दोघांनीही आनंदानं होकार दिला होता, असं पोरगी म्हणाली.

मी दुकानदाराकडे गेलो. तो डब्यावर डबा ठेवत माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोट्टी इथं राह्यतच नाही साहेब, आम्ही काय ओळखणार?" मग गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मुलगी इथं राहत नाही, आम्ही काय ओळखणार. जवळपास शब्दाला शब्द तोच. मागच्या आळीत आणखी दोन बिगर-नात्यातली घरं होती. तिथंही तेच. कोणी म्हणालं, पोलिसाच्या कागदावर सही केली की कोर्टाच्या चकरा लागतात. कोणी आतूनच सांगितलं की घरधनी शेतात गेलाय, आणि घरधन्याच्या चपला दारातच होत्या.

माझं डोकं फिरलं. ज्या गावात कोणाची म्हैस कधी व्याली ते सगळ्यांना माहीत असतं, तिथं तेवीस वर्षांची पोरगी कोणाला माहीत नाही? पण पोलिसाच्या डोक्याला एक वाईट खोड असते. सगळं गाव एका माणसाविरुद्ध एक बोललं की त्याला वाटतं, त्या माणसातच काहीतरी आहे. मी पोरीवरच संशय घेतला. बुलढाण्यात तिच्या दवाखान्यात चौकशी केली, खोलीच्या मालकिणीला विचारलं. सगळीकडून चांगलंच आलं. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ती गावी जाते आणि सोमवारी सकाळी परत येते, बापासाठी डब्यात चटण्या करून ठेवते, एवढीच काय ती माहिती मिळाली.

इकडे दिवस चालले होते. हॉस्पिटलनं तिला तारीख दिली होती. त्याच्या आत पासपोर्टचा नंबर कळवला नाही तर तिची जागा दुसरीला जाणार होती. ती दिवसाआड ठाण्यात यायची. ड्युटी संपवून यायची, बाकावर बसायची, मोबाईल न बघता नुसती बसायची. एकदा मी वैतागून म्हटलं, रोज येऊन काय होणार आहे? ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"साहेब, मी गावात कोणाचं काय वाईट केलं? काऊन कोणी मले ओळखत नाही?"

मी उगाच स्टेशन डायरी उघडून बसलो. ती गेल्यावर फाईल काढली आणि तो निनावी अर्ज पुन्हा वाचला.

नोकरीत मी शेकड्यानं निनावी अर्ज वाचले असतील. माणूस नाव न घालता लिहितो तेव्हा पोटातली सगळी घाण कागदावर ओततो. त्यातून अर्ज एका तरुण पोरीविरुद्ध असला तर विचारायलाच नको. तिच्या चालण्याबोलण्यावर, ती कोणाच्या गाडीवर बसते यावर पानंच्या पानं असतात. या अर्जात तिच्याविरुद्ध एक वावगा शब्द नव्हता. उलट लिहिणाऱ्यानं शेवटी तिचं कौतुक केलं होतं. ज्याला तिला अडवायचं होतं, त्याला तिच्याबद्दल वाईट लिहिणं जमलंच नव्हतं. खोटं लिहिता लिहिता त्याचा हात अडखळला आणि एक खरं वाक्य लिहून गेला. असा माणूस जगात एकच असू शकतो, आणि त्यानं मला चहा पाजला होता.

तरी अंदाजावर पोलीस चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यांत गुरुजींच्या ओसरीवर जाऊन बसलो. पासपोर्टचा विषयच काढला नाही. शाळेचं विचारलं, जुन्या विद्यार्थ्यांचं विचारलं. गुरुजी खुलले. मग मी सहज म्हटलं, समोरच्या भाजीवाल्याची पोरगी नर्स झाली म्हणतात, अभ्यासात कशी होती? गुरुजी म्हणाले, "अहो, पहिली ते चौथी माझ्याच हाताखाली होती. पाढे काय म्हणायची." आणि तिथं थांबले. त्यांच्या लक्षात आलं होतं.

मास्तर माणसाला खोटं पचत नाही. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी सांगितलं की पोरीचा बाप एका सकाळी आला आणि सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सही करू नका एवढीच भीक मागितली. दुकानदाराकडे गेला, मागच्या आळीतल्या घरी गेला. काय बोलायचं तेही त्यानंच शिकवलं. गुरुजी म्हणाले, माझ्या वयाच्या माणसानं पायावर डोकं ठेवल्यावर मी नाही कसं म्हणणार होतो?

बाप मळ्यात मेथीची जुडी बांधत होता. मला येताना पाहून त्याचे हात थांबले नाहीत, पण मान खाली गेली. मी बांधावर बसलो आणि खिशातून अर्जाची झेरॉक्स काढून त्याच्यासमोर धरली. खोटी माहिती देऊन पोलिसाची दिशाभूल केली तर काय कारवाई होते, ते आधी दमात सांगितलं. तो घाबरला नाही. कारवाई करा म्हणाला. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी आवाज उतरवला. म्हटलं, तिला सरळ सांगितलं का नाहीस, जाऊ नको म्हणून?

बराच वेळ तो मेथीच्या काड्या सारख्या करत राहिला.

"मी नाही म्हनलो त पोट्टी राह्यते साहेब. एका शब्दात राह्यते. म्हून तं म्हनत नाही. उद्या तिले वाटन, बापानं माह्यं नशीब अडवलं. तुम्ही नाही म्हना. सरकारवर कोनी रुसत नाही."

मी पोलीस म्हणून काय काय मागण्या ऐकल्या. कलम कमी करा, नाव वगळा, तारीख बदला. पण माझ्या पोरीला तुम्ही अडवा, म्हणजे ती माझ्यावर रुसणार नाही, ही मागणी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो पुढे बोलतच गेला. शनिवारी गाडी यायच्या वेळी तो फाट्यावर जाऊन उभा राहतो. आठवडाभर मनात साठवलेलं सगळं तिला फाट्यापासून घरापर्यंत चालता चालता सांगतो. ती गेली की हे सांगायचं कोणाला? म्हणाला, शनिवारच निघून जाईल माझा.

मला वाईट वाटलं, पण माझ्या डोळ्यांसमोर ती बाकावर बसलेली पोरगी होती. मी म्हटलं, तुझ्यावर नाही रुसली ती, पण अख्ख्या गावावर रुसली आहे. गावात मला कोणी ओळखत नाही, मी कोणाचं काय वाईट केलं, असं विचारत ठाण्यात बसते. उद्या इथं राहिली तरी हे घेऊनच राहील. रोज याच गल्लीतून जाईल आणि प्रत्येक दाराकडे बघून तिला हेच आठवेल.

हे त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं जुडी खाली ठेवली, उपरणं तोंडाला लावलं आणि बांधावर बसून तो रडला. मी थांबलो. थांबणं हा पोलिसाच्या कामाचा मोठा भाग आहे, पण तो कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गुरुजी आणि दुकानदार आपण होऊन ठाण्यात आले. बाप पुन्हा दारोदार फिरला होता, या वेळी उलटं मागायला. गुरुजींनी जबाबात एवढं सांगितलं की मला निम्मं गाळावं लागलं. सरकारी कागदावर पाढ्यांचं कौतुक कुठं लिहिणार? पोरगीही तिथंच होती. दुकानदारानं तिला सांगितलं की आम्ही कोर्टाच्या भीतीनं मागे सरलो होतो, चुकलं आमचं. ती हसली आणि दोघांच्या पाया पडली. खरं काय ते तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

निनावी अर्जाचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुढे होता. मी शेरा मारला: चौकशी केली असता अर्जातील मजकुरात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल. नोकरीत खोटा शेरा म्हणून जर मी कधी लिहिला असेल तर तो हाच. अर्जातल्या शेवटच्या वाक्यात तथ्य होतं.

ती गेली. दोनेक वर्षांनी बाप ठाण्यात आला. हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणि मोबाईलमध्ये पोरीचे फोटो. तिनं बोलावलंय म्हणाला, म्हाताऱ्याला पासपोर्ट मिळतो का? त्याची पडताळणी मीच केली. कागदावर दोघांची जागा होती आणि सही करायला नऊ जण आले होते. बसायला बाक पुरले नाहीत.

इथपर्यंत मी ही गोष्ट लोकांना नेहमी सांगतो. पुढची सांगत नसे.

माझीही एकच पोरगी. तीही परदेशात आहे, नवऱ्याबरोबर. तिच्या पासपोर्टची फाईल आमच्याच जिल्ह्यात पडताळणीला आली होती आणि दोन दिवसांत पुढे गेली. मी फार ताठ मानेनं सगळ्यांना सांगत होतो, बघा, आपण अडवणाऱ्यांतले नाही. ती निघाली त्या दिवशी मला बंदोबस्त होता. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही, कारण विमानतळावर माझं काय होईल ते मला माहीत होतं. मग मी रिटायर झालो, आणि वर्षभरात बायको गेली. बुलढाण्यात एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलंय, तिथं एकटा राहतो.

मागच्या वर्षी पोरगी म्हणाली, बाबा, नातू चालायला लागला, आता तरी या. मी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्टचा अर्ज केला. पडताळणीला एक महिला शिपाई आली. सगळे कागद बघितले आणि संकोचून म्हणाली, साहेब, तुम्हाला काय सांगायचं, पण दोन शेजारी लागतील.

मी उठलो आणि दारातच थांबलो. कोणाला बोलवायचं? चार वर्षं झाली या घरात, पण मला कोणाचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. नोकरीत दर तीन वर्षांनी बदली, पोलीस लाईनीतलं घर, शेजार जोडायची सवयच लागली नाही. इथं लोक 'नमस्कार साहेब' म्हणतात आणि पाऊल उचलतात. डावीकडचे जिल्हा परिषदेतले क्लार्क आले, पण सहीचं नाव काढताच म्हणाले की नंतर काही कोर्टाचं वगैरे लागत नाही ना? मला हसू आलं. शेवटी त्यांनी केली सही.

दुसरं कोणी सापडेना. मागच्या घरात एक काकू राहतात. त्यांची टाकी भरून वाहते म्हणून मी एकदा त्यांच्यावर पोलिसी आवाजात ओरडलो होतो. बोलणं असं तेवढंच. शिपाईबाई स्वतःच जाऊन त्यांना घेऊन आल्या. मी खाली बघत बसलो. म्हटलं, आता ही बाई सांगणार, हा माणूस खेकसतो.

शिपाईबाईंनी विचारलं, यांना ओळखता का?

"हाव, ओळखते ना. दर इतवारी सकाळी गच्चीवर जाऊन पोरीले फोन लावतात. तीन-तीनदा विचारतात, जेवली का. अन् फोन ठेवला की बराच वेळ तसेच उभे राह्यतात. माह्या सैपाकाच्या खिडकीतून दिसते सारं."

शिपाईबाईंनी कागदावर लिहिलं, ओळखतात. काकूंनी चष्मा लावून सावकाश सही केली आणि मला म्हणाल्या, टाकीले आता बॉल बसवला हो, वाह्यत नाही. मी त्यांना बसा म्हटलं आणि आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत बाहेर यायची माझी हिंमत नव्हती.

तो भाजीवाला मला काय शिकवून गेला, ते मला त्या चहाच्या पातेल्यापुढे कळलं. मी त्याला मळ्यात उपदेश केला होता. पण त्याला पोरीची आठवण येणार हे तो बोलला तरी होता. माझ्यासमोर बोलला, गुरुजींच्या पायांवर बोलला, निनावी अर्जातसुद्धा लपवू शकला नाही. मी माझ्या पोरीला कधी जाऊ नको म्हटलं नाही, आणि तू गेलीस, मला करमत नाही, हेही म्हटलं नाही. 'जेवली का' यावरच सगळं भागवत आलो.

त्या इतवारी मी गच्चीवर गेलो, फोन लावला आणि जेवली का विचारलं नाही. म्हटलं, पोरी, मला तुझी फार आठवण येते. तू गेलीस त्या दिवशीपासून येते.

फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून काढणार, तेवढ्यात ती बोलली.

"बाबा, तुम्ही जेवलात का?"